‘स्कॉफ’ : शब्द एक की दोन?

प्रश्न : एका इंग्रजी कथेत ‘स्कॉफ’ हे क्रियापद मला दोनदा भेटले. पहिल्या ठिकाणी एक पात्र आपल्या भावाच्या बेताला ‘स्कॉफ’ करते, म्हणजे त्याची खिल्ली उडवते. पुढे तीनच पानांनंतर तेच पात्र ताटलीतली सगळी सँडविचे ‘स्कॉफ’ करते, म्हणजे अधाशासारखी खाऊन टाकते. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडले. दोन्ही कामे तोंडाचीच आहेत आणि ज्याची टर उडवली जाते त्यालाही एक प्रकारे गिळूनच टाकले जाते, तेव्हा एका अर्थातून दुसरा अर्थ निघाला असावा, असा तर्क मी केला. तो बरोबर आहे काय?

उत्तर : आपला तर्क इतका समर्पक वाटतो की तो खोडून काढताना थोडे वाईट वाटते, पण तो बरोबर नाही. एका शब्दाचे दोन अर्थ म्हणून आपण ज्याकडे पाहत आहात, ते प्रत्यक्षात दोन निरनिराळे शब्द आहेत. त्यांची घराणी वेगळी, वये वेगळी आणि इंग्रजीत येण्याच्या वाटाही वेगळ्या; फक्त उच्चार आणि लेखन योगायोगाने सारखे झाले आहे. आपण पाहिलेला शब्दकोश पुन्हा एकदा उघडावा. मोठ्या इंग्रजी कोशांत ‘स्कॉफ’ची नोंद सहसा दोनदा येते आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक बारीक आकडा असतो. वाचकाची नजर या आकड्यावरून सहज घसरते, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातच आहे : कोशकार जेव्हा एकाच शब्दाचे अनेक अर्थ देतो तेव्हा ते एका नोंदीत क्रमाने देतो, आणि शब्दच वेगळे आहेत असे त्याचे मत असते तेव्हा तो नोंदी वेगळ्या करतो.

यांपैकी खिल्ली उडवणारा ‘स्कॉफ’ वयाने पुष्कळ मोठा आहे. तो चौदाव्या शतकातील इंग्रजीत आढळतो आणि तेथे तो बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा असे मानले जाते, कारण जुन्या नॉर्स आणि डॅनिश भाषांत थट्टा, उपहास या अर्थाचे त्याच्या जवळचे शब्द मिळतात. जुन्या जर्मन बोलीतही खेळ आणि थट्टा या अर्थाचा एक भाऊबंद सापडतो. काही अभ्यासक या कुळात आणखी एका शब्दाला बसवतात आणि तो मात्र चकित करणारा आहे. प्राचीन इंग्रजीत राजाच्या सभेत काव्य म्हणणाऱ्या कवीला जो शब्द होता तो ‘स्कॉप’ असा लिहिला जात असे, जरी त्याचा उच्चार ‘शॉप’च्या जवळचा होता. कवी आणि टवाळी यांचे हे नाते आपल्याला विचित्र वाटेल, पण त्याला जोड देणारे दुसरे उदाहरण इंग्रजीतच आहे. रागावणे, खडसावणे या अर्थाचा ‘स्कोल्ड’ हा शब्द नॉर्स भाषेतील ‘स्काल्ड’वरून, म्हणजे पुन्हा कवीवरूनच, आला असावा असे मत आहे. त्या समाजात निंदाकाव्य हे खरे शस्त्र होते आणि मध्ययुगीन आइसलँडच्या कायद्यात अशी बदनामीची कवने रचणाऱ्याला समाजबहिष्कृत करण्यापर्यंत शिक्षा होती. स्तुतिपाठकाला जेथे कायद्याचे भय असते तेथे त्याच्या धंद्यात स्तुतीखेरीज आणखी काही असले पाहिजे, हे उघड आहे.

खाणारा ‘स्कॉफ’ त्यापेक्षा सुमारे पाचशे वर्षांनी धाकटा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडकडच्या बोलीत ‘स्कॅफ’ हा शब्द अन्न या अर्थाने आढळतो, आणि ‘स्कॉफ’ हे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छापील मजकुरात दिसू लागते. याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत तोच शब्द एका वेगळ्या दारातून आला. डच भाषेत ‘स्खोफ्ट’ म्हणजे दिवसाचा चौथा भाग. दिवसाचे काम चार भागांत वाटलेले असे आणि भागाभागामध्ये खाणे असे, म्हणून तो शब्द वेळेवरून जेवणावर सरकला. आफ्रिकान्स भाषेतील ‘स्कॉफ’ या शब्दाला अजूनही एका दमात केलेले काम किंवा बैलगाडीच्या प्रवासातील दोन मुक्कामांमधला टप्पा असा अर्थ आहे. स्कॉटिश बोलीतील शब्द आणि डच वळणाचा शब्द यांनी एकमेकांना बळ दिले असावे. यांतील नेमका कोणता मूळचा, याबद्दल कोशकारांत मतभेद आहेत. मात्र या दोन्ही वाटा अन्नाकडून येतात, उपहासाकडून येणारी वाट त्यांत एकही नाही. आपला तर्क खरा असता तर आधी ‘हसून गिळणे’ अशा मधल्या छटेचे काही प्रयोग दिसले असते आणि नंतर नुसते गिळणे उरले असते. प्रत्यक्षात खाणारा शब्द आला तो थेट अन्नाचे नाव म्हणूनच.

येथवरचे उत्तर कोरडे वाटले असेल, तर आता आपल्या तर्काच्या बाजूनेही काही सांगतो, कारण उपहास आणि तोंडाचे काम यांत नाते असते ही आपली मूळ कल्पना मुळीच चुकीची नाही. ती फक्त चुकीच्या शब्दाला लावली गेली. ‘सटायर’ हा शब्द पाहा. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सातुरा’ आहे आणि ‘सातुर’ म्हणजे तृप्त, भरलेला. देवाला वाहण्यासाठी नाना प्रकारच्या फळांनी भरलेल्या तबकाला रोमन लोक याच शब्दाने संबोधत. अनेक विषयांची सरमिसळ असलेल्या लेखनाला त्यांनी तेच नाव दिले आणि पुढे ते व्यंग्यलेखनाचे नाव झाले. ‘सार्कॅझम’ तर याहून रोखठोक आहे. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ कुत्र्याप्रमाणे मांसाचे लचके तोडणे असा होता. दात-ओठ खाणे आणि मग बोचरे बोलणे हे त्याचे पुढचे अर्थ. निंदापर लेखनाला असलेला ‘लँपून’ हा शब्द फ्रेंचमधून आला आहे आणि तो ‘चला, ढोसू या’ अशा अर्थाच्या पिण्याच्या गाण्यातील पालुपदावरून पडला असावा, असे सांगितले जाते. अलीकडे मराठीतही रुळलेला ‘रोस्ट’ हा शब्द अठराव्या शतकापासून इंग्रजीत भाजणे आणि फजिती करणे अशा दोन्ही अर्थांनी चालतो आणि येथे मात्र दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला आहे.

थोडक्यात, ज्या शब्दांकडे पाहून खाण्याची शंकाही येत नाही त्यांच्या पोटात खाणे दडलेले आहे, आणि ज्या ‘स्कॉफ’मध्ये ते ढळढळीत समोर दिसते तेथे नाते शून्य आहे. व्युत्पत्ती या विषयात दिसण्यावर जाऊन भल्याभल्यांची फसगत झाली आहे. ‘सटायर’चे नाते ग्रीक पुराणातील ‘सॅटर’ या अर्धमानव, अर्धपशू अशा वनचराशी आहे असा युरोपातील विद्वानांचा कित्येक पिढ्या समज होता, इतका की त्या समजापायी शब्दाचे लेखनही बदलले गेले होते. १६०५ मध्ये ईझाक काझोबाँ या पंडिताने ते दोन शब्द वेगळे असल्याचे सप्रमाण दाखवले. आपण त्यामुळे चांगल्या संगतीत आहात.

मराठीत अशा जोड्या आपण रोज वापरतो आणि त्यांच्यावर अडखळत नाही. संस्कृत ‘नामन्’पासून आलेले नाव आणि ‘नौ’पासून आलेली नाव हे दोन वेगळे शब्द झिजत झिजत एका रूपाला पोचले. ‘कर्म’ झिजून झालेले काम आणि षड्रिपूंतील काम यांचेही तसेच. झाडाचे पान ‘पर्ण’पासून, तर मद्यपानातील पान पिण्याच्या धातूपासून आले आहे. ‘नाव बुडाले’ आणि ‘नाव बुडाली’ या दोन वाक्यांत एका मात्रेचा फरक आहे, पण पहिल्यात अब्रू जाते आणि दुसऱ्यात माणसे पाण्यात पडतात. कोणी मराठी माणूस यावरून प्रतिष्ठा आणि होडी यांचे प्राचीन नाते शोधायला बसत नाही. परकी भाषा वाचताना मात्र आपण सगळेच असे नाते शोधू लागतो.

प्रश्न : वाक्यात ‘स्कॉफ’ आला तर तो कोणता, हे संदर्भावरूनच ठरवायचे की व्याकरणाचा काही नियम आहे?

उत्तर : नियम आहे आणि तो बहुतेक वेळा पुरतो. खिल्ली उडवणारा ‘स्कॉफ’ आपल्या कर्माला थेट स्पर्श करत नाही; त्याला मध्ये ‘ॲट’ हे शब्दयोगी अव्यय लागते. खाणारा ‘स्कॉफ’ मात्र कर्मावर सरळ तुटून पडतो, फार तर ‘डाउन’ची जोड घेतो. म्हणून केकला ‘स्कॉफ ॲट’ करणारा माणूस केककडे पाहून नाक मुरडतो आणि ‘ॲट’ गाळले की तोच माणूस केक संपवतो. मराठीत ‘नाव’ शब्दाचे लिंग जे काम करते ते इंग्रजीत येथे एवढेसे अव्यय करते.

हा नियम जुन्या साहित्याला लावू नये. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात पदच्युतीच्या छायेत वावरणारा राजा म्हणतो की राजाच्या मुकुटाच्या पोकळीत मृत्यू दरबार भरवून बसलेला असतो आणि तो राजाच्या वैभवाला ‘स्कॉफ’ करत असतो. तेथे ‘ॲट’ नाही. त्या काळी उपहासाचा ‘स्कॉफ’ थेट कर्म घेऊ शकत असे आणि खाणारा ‘स्कॉफ’ अद्याप जन्मला नसल्यामुळे प्रेक्षकांचा गोंधळ होण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या एखाद्या विद्यार्थ्याला मात्र त्या ओळीत मृत्यू राजाचे वैभव मटकावताना दिसला, तर त्याला फार दोष देता येणार नाही. अर्थाचा मेळही दुर्दैवाने बसतो.

जेथे कर्मच नाही तेथे ‘ॲट’ही नसते आणि खरी संदिग्धता फक्त तेथे उद्भवते. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० मधील ‘द डेझर्टेड व्हिलेज’ या काव्यात गावच्या धर्मोपदेशकाच्या प्रभावाचे वर्णन आहे : ‘स्कॉफ’ करायला आलेले मूर्ख प्रार्थनेला थांबून राहिले. कवीच्या मनात अर्थातच टवाळी होती. पण ही ओळ जेवणावळीच्या संदर्भात उलटसुलट करून विनोद करण्याचा मोह आधुनिक इंग्रजी वाचकाला होतो आणि त्याला लागणारी सामग्री भाषेनेच पुरवलेली आहे.

प्रश्न : मी भाषांतर करते. ‘स्कॉफ’च्या दोन्ही अर्थांसाठी मराठीत नेमके कोणते शब्द वापरावेत? ‘उपहास करणे’ आणि ‘अधाशीपणे खाणे’ हे शब्द अचूक असूनही वाक्य निर्जीव होते.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, कारण हे दोन्ही शब्द कोशातले अर्थ सांगतात, पण कथेतला माणूस दाखवत नाहीत.

आधी उपहासाचा ‘स्कॉफ’ घेऊ. इंग्रजीत थट्टेसाठी शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. ‘मॉक’मध्ये बहुधा नक्कल असते, ‘जीअर’मध्ये घोळक्याचा मोठा आवाज असतो आणि ‘स्नीअर’ हे ओठांच्या वाकडेपणावर दिसते. ‘स्कॉफ’चे वैशिष्ट्य असे की इतरांना गंभीर वाटणारी गोष्ट त्याला मुळात विचारात घेण्यासारखीच वाटत नाही. त्यात अविश्वास असतो, वरचढपणा असतो आणि मुख्य म्हणजे विषय तेथेच संपवण्याची घाई असते. यामुळे कल्पना, इशारा, धोका किंवा सल्ला यांच्या संदर्भात ‘उडवून लावणे’ हे मराठी क्रियापद मला सर्वांत जवळचे वाटते; इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले असेल तर ‘हसण्यावारी नेणे’ अधिक नेमके. रोख माणसावर असेल तर ‘हिणवणे’ किंवा ‘हेटाळणी करणे’ चालेल, पण ‘टवाळी’ आणि ‘टर’ जपून वापरावेत, कारण त्यांत एक प्रकारची मजा आणि सवंगडी लागतात, आणि ‘स्कॉफ’ करणारा एकटाही पुरतो. संवादाच्या शेवटी नुसते ‘ही स्कॉफ्ड’ असे येते तेव्हा क्रियापदाचे भाषांतर करण्याच्या फंदात न पडता पात्राच्या तोंडी ‘हॅट्’ किंवा ‘छे, काहीतरीच’ घालावे. इंग्रजी लेखकाने जे निवेदनात ठेवले ते मराठीत संवादात गेले तर काही बिघडत नाही.

खाण्याच्या बाबतीत मराठीला इंग्रजीकडून काही उसने घेण्याची गरज नाही. उलट अडचण निवडीची आहे. ‘ताव मारणे’ आणि ‘आडवा हात मारणे’ यांत खाणाऱ्याबद्दल कौतुक असते, यजमानालाही ते ऐकून बरे वाटते. ‘गिळणे’ हे माणसाच्या बाबतीत वापरले की बोलणाऱ्याचा राग दिसतो. ‘हादडणे’ आणि ‘चापणे’ बरोबरीच्यांत, थोड्या दांडगाईने बोलले जातात. ‘बकाबका खाणे’मध्ये रीत दिसते, घास दिसतात, ‘फस्त करणे’ आणि ‘चट्टामट्टा करणे’ यांत रिकामे ताट दिसते. ‘मटकावणे’मध्ये चलाखी आहे, दुसऱ्याच्या वाट्याचे पटकन तोंडात टाकण्याची. ब्रिटिश बोलीतील ‘स्कॉफ’ हा शब्द घरगुती आहे, किंचित तक्रारीचा आहे आणि ‘सगळे संपवले, माझ्यासाठी काही ठेवले नाही’ हा सूर त्यात वारंवार येतो. म्हणून सर्वसाधारणपणे ‘फस्त करणे’ योग्य. पण बोलणारे पात्र चिडलेले भावंड असेल तर मी बिनदिक्कत ‘गिळली’ असे लिहीन.

प्रश्न : अमेरिकन लेखनात याच अर्थाने ‘स्कार्फ’ असे छापलेले पाहिले. ती मुद्रणातील चूक आहे काय? आणि ‘स्कॉफलॉ’ या शब्दात कोणता ‘स्कॉफ’ आहे?

उत्तर : चूक नाही. खाणाऱ्या ‘स्कॉफ’ने अमेरिकेत ‘र’ घेतला आणि १९६० च्या सुमारास तेथे ‘स्कार्फ’ हे रूप रूढ होऊ लागले. गळ्याभोवती गुंडाळायच्या ‘स्कार्फ’शी त्याचा संबंध नाही, तो शब्द फ्रेंचमधून सोळाव्या शतकात आला. म्हणजे अमेरिकेत या रूपाने उपहासाच्या ‘स्कॉफ’शी होणारी गल्लत टळली खरी, पण त्याचीही दुसऱ्याच एका शब्दाशी गल्लत झाली.

‘स्कॉफलॉ’मधला ‘स्कॉफ’ उपहासाचा आहे आणि या शब्दाचा जन्मदिवस सांगता येतो, ही शब्दांच्या बाबतीत विरळा गोष्ट. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती आणि ती धाब्यावर बसवणाऱ्यांची संख्या मोठी होती. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथील डेल्सव्हेअर किंग या धनिकाने अशा बेकायदा पिणाऱ्याला लाज वाटेल असा शब्द सुचवणाऱ्यास दोनशे डॉलरचे बक्षीस जाहीर केले. पंचवीस हजारांहून अधिक सूचना आल्या. जानेवारी १९२४ मध्ये ‘स्कॉफलॉ’, म्हणजे कायद्याला हसणारा, या शब्दाची निवड झाली आणि तो दोघांनी स्वतंत्रपणे पाठवलेला असल्यामुळे बक्षीस वाटून देण्यात आले. ज्यांना लाजवायचे होते ते मुळीच लाजले नाहीत. पॅरिसमधील एका बारने लगेच त्या नावाचे एक मिश्र मद्यही तयार केले. दारूबंदी गेली, शब्द राहिला, आणि आता तो अमेरिकेत वाहने उभी करण्याचे दंड न भरणाऱ्यांसारख्या किरकोळ नियमभंगी लोकांसाठी वापरला जातो.

प्रश्न : इंग्रजीत योगायोगाने का होईना, एकच रूप दोन्ही कामे करते. मराठीत असा एखादा शब्द आहे काय?

उत्तर : आहे, आणि तो ‘स्कॉफ’पेक्षा सरस आहे, कारण त्याच्या बाबतीत तो योगायोग नाही. ‘समाचार घेणे’ हा आपला वाक्प्रचार पाहा. सभेत वक्ता विरोधकांचा समाचार घेतो आणि पंगतीत पाहुणा पक्वान्नांचा समाचार घेतो. समाचार म्हणजे मुळात वर्तमान, विचारपूस. आजारी माणसाच्या समाचाराला जाणे हा प्रयोग आजही आहे. विचारपूस करण्यातला हा जिव्हाळा उपरोधाने उलटा फिरवला की ‘चांगली चौकशी करणे’ म्हणजे झाडणे असा अर्थ होतो, आणि तीच ‘समोरच्याला शिल्लक न ठेवण्याची’ कल्पना ताटाकडे वळवली की खाणे होते. येथे शब्द एकच आहे आणि अर्थ फुटत गेले आहेत. पहिल्या प्रश्नकर्त्या वाचकांनी ‘स्कॉफ’मध्ये जे शोधले ते येथे खरोखर सापडते. त्यात आणखी गंमत अशी की टीकेच्या अर्थाने आपण ‘खरपूस’ समाचार म्हणतो, आणि खरपूस हे तर भाजण्याचे विशेषण. इंग्रजीतील ‘रोस्ट’ मराठीत आधीपासून अशा रीतीने हजर आहे. ‘तोंडसुख घेणे’ हा दुसरा उमेदवार. ऐकायला तो खाण्याचा वाटतो, पण प्रत्यक्षात फक्त शिव्याशाप देण्यासाठीच वापरला जातो, म्हणून त्याला अर्धेच गुण.

भाषांतरात मात्र ‘समाचार’ दोन्ही जागी बसणार नाही. उपहासाच्या ‘स्कॉफ’मध्ये दुर्लक्ष असते, तर समाचार घेणारा समोरच्याची चांगली दखल घेतो, मुद्देसूद घेतो. कथेतील पात्राने भावाचा बेत उडवून लावला असेल तर त्याने त्याचा समाचार घेतला असे म्हणता येणार नाही, कारण तेवढे कष्ट त्याने घेतलेच नाहीत. ते कष्ट त्याने तीन पानांनंतर सँडविचांसाठी राखून ठेवलेले होते. तेथे ‘समाचार’ निःशंकपणे वापरावा.